वाटेवरचं कुंपण: कास, वासोटा, सागरेश्वर

गुरुवार

सातारचं समर्थ मंदिर मागे पडलं, यवतेश्वराचा घाट सुरू झाला आणि मामांनी पिशवीतून नकाशांची गुंडाळी काढली. मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारे, होते. निवृत्तीनंतरही कुठल्या गावात जायचं म्हटलं की त्या गावचा नकाशा आधी बघायचा, ही सवय सुटलेली नाही. गाडी मामेबहीण आरती चालवत होती. ती काही वर्षं इंग्लंडात राहून आलेली, डोंगरात चालायची आवड तिला तिथं लागली. मला हवं होतं ते एवढंच: ज्या डोंगरांत लहानपणापासून भटकले, तिथल्या कुठल्या वाटा अजून मोकळ्या आहेत, ते पायांनी चालून बघायचं.

घाट चढून वर आलं की एका अंगाला साताऱ्याचं खोरं आणि दुसऱ्या अंगाला उरमोडीचं पाणी दिसतं, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. आता दिसतात त्या आधी पाट्या. रिसॉर्ट, ॲग्रो टुरिझम, व्हिला, प्लॉट विकणे आहे. दरीच्या कडेला जिथं उभं राहून वारा खायचा, तिथं आता कुणाची तरी भिंत आहे. रस्ता सरकारी, दरीपलीकडचं जंगल सरकारी, आणि मधली कड तेवढी मालकीची. दरी बघायची तर खोली घ्या किंवा जेवायला बसा.

कास पठारावर फुलांचा हंगाम केव्हाच संपला होता. वाळलेलं सोनेरी गवत, मधूनमधून उघडा पडलेला जांभा कातळ, आणि माणूस नाही. डिसेंबरातलं कास मला फुलांच्या कासाइतकंच आवडतं. तेरडा, गेंद, सीतेची आसवं असलं काही नसतं, पण पठार किती मोठं आहे ते कळतं. पावसाळ्यात त्या बोटभर मातीतून एवढं सगळं कसं उगवतं, याचं नवल सुक्या कातळावर हात ठेवल्यावरच जास्त वाटतं. कुमुदिनी तलावाकडे जाणाऱ्या राजमार्गावर आम्ही निवांत चाललो. ही महाबळेश्वराकडे जाणारी जुनी वाट.

कासबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण जंगलाची वाट बंद करण्याचं एक चांगलं आणि एक फसलेलं उदाहरण इथं एकाच जागी आहे. पठार वनखात्याच्या ताब्यातलं, राखीव वन. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी लोटली. गाड्या थेट फुलांवर चढायच्या. मग आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पुढे आली. प्रवेश शुल्क लागलं, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलं, ऑनलाइन नोंदणी आली. वाटाडे, तिकीट तपासणारे, गाड्या लावून देणारे सगळे त्याच गावांतले. माझ्या ओळखीतले पुष्कळ लोक या तिकिटावर चिडतात. मी चिडत नाही. पैसा गावात राहतो, पठार तुडवलं जात नाही, आणि पावती फाडली की आत जाणारा कोण हे कुणी विचारत नाही.

फसलं ते कुंपण. पठाराच्या कडेनं तारेची जाळी ठोकली होती. गुरं आत जाईनात, रानातली जनावरंही येईनात. गवत माजलं, त्याखाली फुलं दबली, अशी ओरड गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनीही केली, आणि शेवटी ती जाळी काढावी लागली. या गोष्टीत मला धीर वाटतो तो एका कारणासाठी. कुंपण घालणारं खातं सरकारी होतं, म्हणून लोकांना ओरडता आलं, पेपरात लिहिता आलं, निवेदन देता आलं, आणि कुंपण निघालं. हेच पठार एखाद्या कंपनीचं असतं तर निवेदन नेऊन कुणाला दिलं असतं?

संध्याकाळी बामणोलीला उतरलो. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर मुक्काम, नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. जेवणं झाल्यावर घरमालक दादा अंगणात येऊन बसले. बोलणं जमिनीवर आलं, कारण या खोऱ्यात हल्ली दुसरा विषय नसतो. 2024 मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीत सहाशेवर एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण गाजलं, पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्याची स्वतःहून दखल घेतली. नवीन महाबळेश्वर या नव्या गिरिस्थानाच्या प्रकल्पासाठी सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली 235 गावं रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली गेली आहेत. दादा म्हणाले, "रोजगार येईल म्हणत्यात. यावा की. पोरं मुंबईला जात्यात ती हितं ऱ्हातील. पण काठ त्यांचा झाला तर आमी होड्या लावायच्या कुठं?"

शुक्रवार

पहाटे पाण्यावर एवढं धुकं होतं की लाँचचं टोक दिसत नव्हतं. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं म्हणजे वनखात्याची परवानगी, शुल्क, लाँचचं भाडं, मग तासा-दीड तासाचा पाण्यावरचा प्रवास. खाली पाण्यात गावं आहेत. कोयनेचं धरण साठच्या दशकात झालं आणि खोरं बुडालं. जी गावं काठावर उरली त्यांतली बरीच पुढं अभयारण्यासाठी उठली. आज इथल्या रानात आपण जी शांतता अनुभवायला येतो, तिच्यासाठी कुणीतरी दोनदा घर सोडलंय. इथं येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे.

मेट इंदवलीच्या चौकीवर वनरक्षकानं पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या, अनामत घेतली, संध्याकाळी किती वाजता खाली हजर व्हायचं ते बजावलं. मुक्कामाला बंदी. कोयना अभयारण्य 1985 चं, आणि 2010 पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली. हे सांगताना त्या पोरसवदा वनरक्षकाचा चेहरा असा उजळला की कडक तपासणीचा राग आलेलेही हसले.

ओढ्याकाठी मारुती, मग खडी चढण. अंजनी, जांभूळ, कारवी. गव्याचं ताजं शेण वाटेवर होतं. मामा दम घेत, काठी टेकत, पण न थांबता चढले. वर महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा. हा किल्ला लढवणाऱ्या ताई तेलिणीनं इथं पेशव्यांच्या सेनापतीला, बापू गोखल्यांना, झुंजवलं होतं. बाबू कड्याच्या टोकावर आम्ही बराच वेळ बसलो. समोर नुसतं जंगल, खाली कोकण, आणि कुठंही कुणाची पाटी नाही.

तिथं आरतीनं इंग्लंडची गोष्ट सांगितली. ती मला तुटक माहीत होती, सलग पहिल्यांदाच ऐकली. 2010 च्या शेवटी तिथल्या सरकारनं इंग्लंडातली सार्वजनिक जंगलं विकायचा किंवा भाडेपट्ट्यानं द्यायचा विचार मांडला. सगळी मिळून अडीच लाख हेक्टरांच्या वर. लोक खवळले. फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये जानेवारीच्या थंडीत हजारो माणसं जमली. विरोधाच्या अर्जावर पाच लाखांवर सह्या झाल्या. 17 फेब्रुवारी 2011 ला मंत्रीबाईंनी संसदेत माफी मागून बेत मागे घेतला. मग लिव्हरपूलच्या बिशपांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ही जंगलं जनतेचीच राहावीत, असं तिनं 2012 मध्ये सांगितलं.

"पण लोक भीत होते कशाला?" मामांनी विचारलं. "विकलं तरी तिथं चालायचा हक्क कायद्यात असेल ना?"

"होता ना, बाबा. 2000 सालच्या कायद्यानं तिथली बरीच सरकारी जंगलं चालणाऱ्यांसाठी कायमची खुली करून ठेवली होती. मालक बदलला तरी तो हक्क जात नाही. पण तो हक्क फक्त पायी चालण्याचा. सायकलचा नाही, घोड्याचा नाही. गाडी लावायच्या जागेचा, बाकांचा, स्वच्छतागृहांचा तर नाहीच. नवा मालक जंगल बंद करणार नाही, वाहनतळाला कुलूप लावेल. मग म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया आपोआप बाहेर, हीच भीती होती लोकांना."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जंगल विकायची गरजच नाही. दारातली जमीन गेली की झालं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. आपल्याकडे सरकारी जंगल कुणी उघडपणे विक्रीला काढलेलं नाही. उलट 1975 च्या कायद्यानं महाराष्ट्रातली खाजगी वनं सरकारकडे आली. पण 2023 मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या जंगल सांभाळण्याच्या आराखड्यात, घातलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता वनेतर वापर, म्हणजे जंगलाचा दुसऱ्याच कामासाठी वापर, धरल्या जात नाहीत. जंगलात माणसं जावीत असं मलाही मनापासून वाटतं, म्हणून निसर्ग पर्यटन म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडत नाही. मी विचारते ते एवढंच: या सोयी कोण चालवणार, त्यांचे दर कोण ठरवणार, आणि तंबूत न राहणारा, भाकरी बांधून आलेला माणूस त्या जागेतून चालत जाऊ शकेल का? कासची समिती आणि बामणोलीचे लाँचवाले चालवत असतील तर उत्तर मला ठाऊक आहे. दूरच्या शहरातली कंपनी चालवणार असेल तर ते उत्तर आधी कागदावर यायला हवं.

ठरल्या वेळेला खाली आलो. बाटल्या मोजून झाल्या, अनामत परत मिळाली.

शनिवार

आजचा दिवस नुसता परतीचा धरला होता. कासकडून साताऱ्याकडे येताना रस्त्यापासून आत एक देवराई आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आई आम्हाला तिथं न्यायची. रस्त्याकडेच्या आंब्यापासून पायवाट निघायची, माळावरून, दोन नाचणीच्या शेतांच्या बांधावरून, की सरळ वनखात्याच्या हद्दीत. आत देवीचं ठाणं, झरा, आणि जाडजूड वेली लटकणारी झाडं. भर उन्हात तिथं गारवा असतो.

आंबा होता. त्याच्या बुंध्याला लागून लोखंडी फाटक, फाटकाच्या दोन्ही बाजूंनी लांबवर जाळी. आत रिसॉर्टचं काम चाललेलं. रखवालदाराचं वागणं वाईट नव्हतं. बिचारा म्हणाला, "मॅडम, खाजगी जागा आहे. साहेबांना फोन करा, ते हो म्हणाले तर सोडतो." साहेबांना फोन लागला. ते म्हणाले, काम पूर्ण झाल्यावर पाहुण्यांसाठी जंगल ट्रेल असणार आहे, तेव्हा नक्की या.

मी फाटकाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. देवराई त्यांच्या मालकीची नाही. जंगल त्यांच्या मालकीचं नाही. मधला माळ त्यांनी रीतसर विकत घेतला असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जे माझ्या आईच्या पायाखालचं होतं, ते आता त्यांच्या माहितीपत्रकात जाणार आणि मला विकलं जाणार.

तेवढ्यात दोन म्हशी हाकत एक आजी आल्या. जाळी कधी घातली, असं मामांनी त्यांना विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. आता बघा, माझं वावर त्या अंगाला, नाचणी निघायची व्हती. वाट बंद. पार वरच्या सड्यावरनं वळसा घालून जाती. गुडघं कुठं चालत्यात? देवीची जत्रा चैतात, तवा माणसं कशी जाणार त्ये त्या देवीलाच ठावं."

"तुमच्या शेताला दुसरी वाट आहे का, मावशी?"

"असती तर रडली असती व्हय, दादा?"

मामांनी तिथंच, गाडीच्या बॉनेटवर, गावनकाशा पसरला. गावनकाशात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. आंबा काही नकाशात नव्हता, पण रस्त्यावरून निघून दोन गटांच्या बांधावरून वनाच्या हद्दीपर्यंत गेलेली बारीक तुटक रेषा होती. मामांनी तिच्यावर नख ठेवलं आणि आजींना म्हणाले, "ही बघा तुमची वाट. तुमच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनची आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 खाली शेतजमिनीला किंवा चराईच्या जमिनीला जाणारा रस्ता, वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे दावा लावता येतो. वकीलच लागतो असं नाही. तहसीलदार जागेची पाहणी करतात, अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. अट एक, आणि तिथंच लोक मार खातात: वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. पहिल्यांदा माणूस विनवण्या करतो, मग सरपंचाकडे जातो, मग सण येतात, लग्नसराई येते, आणि सहा महिने निघून जातात.

"आणि आम्ही?" आरतीनं विचारलं. "आमचं शेत नाही इथं. आम्ही नुसते चालणारे."

"तुम्हाला या कायद्यात जागा नाही," मामा म्हणाले.

खरंच नाही. शेतकऱ्याची वाट आपल्या कायद्यानं ओळखली आहे, भटक्याची नाही. राखीव वनातसुद्धा परवानगीशिवाय शिरणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे गुन्ह्यात बसतं. पण त्याच इंग्रजी अमलातल्या कायद्यात कलम 25 आहे. वनखात्याला राखीव वनातली वाट बंद करायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि त्या वाटेच्या बदली सोयीची दुसरी वाट असावी लागते किंवा करून द्यावी लागते. लाकडासाठी जंगलं ताब्यात घेणाऱ्या परक्या सरकारलाही वाट बंद करताना पर्याय द्यावा लागेल असं लिहून ठेवावं लागलं. मग जंगलाच्या तोंडाशी जमीन घेणाऱ्यावर हे बंधन आज का नको? बांधकामाचा नकाशा मंजूर करतानाच, गावनकाशातली तुटक रेषा मोकळी ठेवण्याची अट घालता येईल. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी पुरे. मालकाचा व्ह्यू जात नाही, पाहुण्यांची झोप मोडत नाही.

आजींनी आम्हाला वरच्या सड्यावरून देवराईत नेलं. तासाभराचा वळसा, त्यात एक घसरडी उतरण. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे असावं. झऱ्याला पाणी होतं. देवीपुढे त्यांनी पदर पसरला, मामांनी नारळ फोडला. आई असती तर तिला या वळशानं येता आलं नसतं.

रविवार

साताऱ्याहून कराड, आणि तिथून पुढे सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्र्याच्या बाजूला सागरेश्वर. ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या या खेपेला वगळल्या.

सागरेश्वरला मला जायचंच होतं, कारण हे जंगल माणसांनी केलेलं आहे. उघडे बोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी झाडं लावली, हरणं आणली, पाठपुरावा केला आणि 1985 मध्ये याचं अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. भोवती ऊस आणि द्राक्षं, मध्ये हे हिरवं बेट. किर्लोस्कर पॉइंटवरून कृष्णाकाठचं रान दूरवर दिसतं. चितळांचा एक कळप आमच्या समोरून गेला, आरती जागच्या जागी खिळली.

इथंही कुंपण आहे, उंच जाळीचं. हरणं पिकात शिरतात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून. त्या कुंपणाचं कारण शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगू शकतो, आणि फाटकावर तिकीट काढून कुणीही आत जातो. आम्ही होतो तेव्हा एका शाळेची सहल आली होती. पोरं डबे घेऊन सावलीत बसली होती. फाटकावरच्या माणसानं बाईंना दोनच गोष्टी सांगितल्या: डबे खाऊन झाल्यावर कागद उचला आणि हरणांना काही घालू नका.

देवळांच्या बाजूला बसून मामांनी वहीत दाव्याचा मसुदा लिहायला घेतला. गट नंबर, वाटेची लांबी, कुठून कुठे, किती वर्षांची वहिवाट, अडथळा कधीपासून. आरती मोबाइलवर शनिवारी काढलेले फाटकाचे फोटो तारखेसह वेगळे करत होती.

सोमवार

सकाळी साताऱ्यात गावनकाशाच्या अधिकृत प्रतीसाठी अर्ज दिला. आजींचा सातबारा त्यांच्या नातवानं ऑनलाइन काढून पाठवला. दावा आजींच्या नावानं लागेल, कारण हक्क त्यांचा आहे. साक्षीला त्याच वाटेनं जाणारी आणखी दोन घरं तयार झाली आहेत. रिसॉर्टच्या मालकांनाही मामांनी फोन केला, नकाशात वाट आहे हे सांगितलं, आणि जाळीत कडेनं सहा फुटांची जागा सोडलीत तर दावा लावायची वेळच येणार नाही असं सुचवलं. विचार करून सांगतो, असं ते म्हणाले आहेत. मुदत एप्रिल संपेपर्यंत आहे, तरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं नाही तर दावा दाखल करायचा, असं ठरलं आहे.

ग्रामसभेपुढे वेगळा ठराव मांडायचा आहे: गावाच्या हद्दीतून वनाकडे, देवाकडे आणि पाण्याकडे जाणाऱ्या नकाशातल्या सगळ्या पायवाटांची यादी करावी, आणि यापुढे बांधकामाला ना हरकत देताना ती यादी समोर ठेवावी. मसुदा मी लिहिते आहे. तुमच्या गावातही अशी वाट असेल तर तिच्यावर फाटक बसायच्या आधी गावनकाशाची प्रत काढून ठेवा.

मामांनी आणखी तीन गावांचे नकाशे मागवले आहेत.